आवाज बंद करून

गटचर्चेत कोण किती वेळा तोंड उघडतं, तितक्या खुणा करायच्या, असं मोजमाप होतं. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींचं सामाजिक कौशल्य त्यावरून कळतं, असं विभागप्रमुख सरांचं म्हणणं. मॅडम खुणा करत गेल्या, पण मौनीच्या रकान्यात एकही पडली नाही. मौनी हे वर्गानंच तिला पाडलेलं नाव.

"तुमची मौनी गेली," सर म्हणाले. "सराव पाठांना शाळेत नको पाठवायला. वर्गात काय मौनव्रत शिकवणार आहे? पुढच्या वर्षी बघू."

"एकदा चर्चेचं चित्रीकरण बघते, सर."

"बघा बापडे. त्यात काय ती बोलायला लागणार आहे?"

दुपारी मॅडमनी घरी लॅपटॉप उघडला. नाकी नऊ आणून बाळ नुकतंच खांद्यावर झोपलं होतं, आणि हेडफोनची वायर त्यानंच चावून ठेवलेली. मग आवाज बंद करून त्या नुसतंच बघू लागल्या.

आवाज गेला तसे डोळे दिसू लागले. लाजरा उंच मुलगा बोलण्याआधी मौनीकडे बघायचा. ती हनुवटी जराशी खाली करायची, की याचे ओठ हलायचे. तावातावानं भांडणारीकडे मौनीनं हळूच खुर्ची वळवली आणि तिचे उगारलेले हात मांडीवर आले. दाराजवळ अंग चोरून बसलेल्या मुलीकडे मौनी बघत राहिली, नुसती बघत राहिली, आणि तीसुद्धा बोलली.

मॅडमनी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. प्रत्येक खुणेच्या आधी मौनीचा चेहरा होता. सगळ्यांच्या रकान्यांतल्या खुणा जणू तिनंच केल्या होत्या.

त्यांनी सरांना फोन लावला. "सर, आवाज बंद करून बघा."

"एवढं हळू का बोलताय?"

"बाळ झोपलंय. बघा ना."

"मूकपट दाखवताय होय," म्हणत सरांनी चित्रीकरण लावलं. मग पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"मॅडम, ती दाराजवळची..."

"हो, सर."

"थांबा. परत लावतो." दुसऱ्यांदा बघून झाल्यावर सरांचाही आवाज खाली आला. "पाठवा तिला शाळेत. पहिलीचा वर्ग द्या. तिथं नवी पोरं तोंडच उघडत नाहीत."

फोन ठेवला तेव्हा बाळ जागं झालं होतं. रडलं नाही. आईच्या तोंडाकडे एकटक बघत होतं.

मॅडमनी हनुवटी जराशी खाली केली, आणि ते त्याच्या भाषेत बोलू लागलं.