सहाव्या दिवसाचा प्रसाद

पास्कालच्या बेकरीवरून जाताना कालिंदीबाई आगाशांनी पदर नाकाला लावला नाही, असं गिरगावात लग्न होऊन आल्यापासून एकदाही घडलं नव्हतं. बेकरी त्यांच्या वाडीच्या तोंडाशीच. गोव्याहून आलेल्या पास्कालच्या आजोबांनी थाटलेली, पोर्तुगीज तऱ्हेच्या केक-बिस्किटांची. भट्टी पेटली की भाजल्या लोण्याचा वास थेट राममंदिरापर्यंत यायचा, आणि त्या वासात कुठेतरी अंडं दडलेलं आहे हे कालिंदीबाईंना पक्कं ठाऊक होतं. आज मात्र त्या त्याच बेकरीच्या काचेच्या कपाटासमोर उभ्या होत्या.

झालं होतं ते असं. राममंदिरात कीर्तनाचा सप्ताह बसला होता. लोटलीकरबुवांचं कीर्तन म्हणजे कालिंदीबाईंचा जीव की प्राण! बुवांनी झांज हाती घेऊन पहिला सूर लावला की घरी चुलीवर काय ठेवलंय याची त्यांना शुद्ध राहत नसे. सप्ताहात बुवांचं व्रत कडक. दिवसभर दूध आणि फळं, आणि कीर्तन उतरल्यावर देवापुढचा प्रसाद. दुसरं काही नाही. रोज एकेका घराकडे प्रसादाचा मान, आणि सहावा दिवस आगाशांचा. पेढे सांगून ठेवले होते. नेमका त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. कडकडीत! दूध आलं नाही, हलवायाच्या फळ्या लागलेल्या. कालिंदीबाई पहाटेपासून देवळात हार ओवत बसलेल्या, त्यांना याचा पत्ताच नाही. आयत्या वेळी त्यांचे यजमान हेरंबराव घाम पुसत एक खोका घेऊन आले. आत शंकरपाळ्याच्या आकाराच्या पिवळसर वड्या. दिसायला देखण्या, वासाला वेलदोड्याच्या. नैवेद्य दाखवला, आरती झाली. बुवांनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग हात पुढे करून आणखी एक मागून घेतली. असं त्यांनी आधी कुणाच्या प्रसादाला केलं नव्हतं. कालिंदीबाई तरंगतच घरी आल्या.

सकाळी खोका टाकायला काढला, तर तळाशी नक्षी कातरलेला पांढरा कागद. तसला कागद त्यांनी एकाच दुकानाच्या काचेआड पाहिला होता.

"अहो, पेढे मिळाले नाहीत हे खरं. पण या वड्या आणल्यात कुठून?"

हेरंबराव कचेरीला निघण्यासाठी कोट चढवत होते. एक हात बाहीतच राहिला. "सगळं गाव बंद होतं गं. पास्कालचं मागचं दार ठोठावलं. तो बिचारा..."

"पास्काल? पाववाला? देवाच्या नैवेद्याला?"

"वडीसारखी वडी होती! खोबऱ्याची असेल."

"असेल? विचारलं नाहीत त्यात काय घातलंय ते?"

"घाईत राहिलं."

कालिंदीबाईंनी तो कागद पुन्हा उचलून पाहिला. "अंडं असलं तर? बुवांनी दोन खाल्ल्या हो. तेवढ्या व्रताच्या माणसाला मी माझ्या हाताने... आणि आज ते काल्याच्या कीर्तनाला नारदाच्या गादीवर उभे राहणार!"

"रामाने शबरीची उष्टी बोरं खाल्लीच ना? तूच सांगतेस रोज."

"शबरीने बोरांत अंडं नव्हतं घातलं!"

दुसरी बाही चढवून हेरंबराव निसटले.

कालिंदीबाईंना काही सुचेना. न सांगावं तर बुवांचं व्रत मोडलेलं तसंच राहणार, आणि त्यांना प्रायश्चित्तही घेता येणार नाही. सांगावं तर त्या देवळात पुन्हा कुठल्या तोंडाने बसायचं? पण सांगायचं तर आधी खरं काय ते कळायला हवं. म्हणून त्या चपला पायांत सरकवून इथवर आल्या होत्या.

"ये गो बाय, बस," आतून पास्कालची बायको सेराफिना पुढे आली. वाडीत सगळे तिला सेराफिनबाय म्हणत. फुलाफुलांचा झगा, कोपरापर्यंत पीठ. "काय देऊ?"

"काही नको. म्हणजे, ते... काल आमचे हे वड्या घेऊन गेले."

"दोस म्हणतात त्या वडीला! बरें जाले?"

"बरं झालं. पण त्यात..." कालिंदीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "त्यात ते असतं का?"

"तें म्हणजे कितें?"

"तेच. पांढरं. गोल."

सेराफिनबायने डोळे बारीक केले. "साखर?"

"नाही हो! कोंबडीचं."

सेराफिनबाय फळीला धरून हसायला लागली. हसता हसता तिने पीठ लागलेला हात कपाळाला लावला. "आंडें? दोसात? अगो, चण्याची डाळ, नारळ, साखर, तूप, वेलदोडा. झालं! आणि घालायचं म्हटलं असतं तरी आणणार कुठून? काल हरताळ. आंडेवालो आलाच नाही. भट्टीसुद्धा बंद, पास्कालनेच बंद ठेवली. मुंबई आमची नाही काय? म्हणून तर चुलीवर दोस ढवळलं."

"पण भांडं?" कालिंदीबाई अजून श्वास सोडायला तयार नव्हत्या. "भांड्याला लागलेलं असलं तर?"

सेराफिनबायने हसू आवरलं. मग तिने कालिंदीबाईंना आत नेलं. भट्टीच्या बाजूच्या भिंतीवर उंच खुंटीला एक तांब्याची कढई एकटीच टांगलेली होती, चिंचेने घासून लखलखीत केलेली. बाकीची भांडी खाली एकात एक रचलेली.

"ही माझ्या सासूची. हिच्यात आंडें पडत नाही. गावात नाताळाला हिंदू शेजाऱ्यांकडे दोस पाठवायचं, ते ह्यातच करायचं. इथे कोण मागत नाही, पण मोडायचं कशाला? तुमचे रावसाहेब म्हणाले, देवाला हवंय. मी हीच काढली."

कालिंदीबाईंचा श्वास आता कुठे सुटला, आणि असा सुटला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सेराफिनबायचा हात, पिठासकट, दोन्ही हातांत धरला. "तुमचं कल्याण होवो हो! माझ्या बुवांचं व्रत राखलंत."

"रावसाहेबांनाच विचारायचं ना घरी. ते तर आपले जुने. दर शनिवारी कचेरीतून येताना इथे बसतात. त्यांना केक बरो आवडता."

"कोणाला?"

सेराफिनबायच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. "बिस्किट," ती म्हणाली. "नुसतं बिस्किट."

देवळात बुवा संध्याकाळच्या कीर्तनासाठी झांजा पुसत बसले होते. कालिंदीबाईंनी वाकून नमस्कार केला आणि एका दमात सगळं सांगितलं. हरताळ, पास्कालचं मागचं दार, चण्याची डाळ, तांब्याची कढई. "अंडं नव्हतं, बुवा. पण ख्रिस्ती हातचं होतं. व्रताला चालत नसेल तर तसं सांगा."

बुवांनी झांज खाली ठेवली.

"पहिल्या घासालाच कळलं मला, बाई. माझं गाव गोव्यातलं लोटली. शेजारी ख्रिस्ती घर, मधे फक्त कुंपण. नाताळाला तिथून दोस यायचं, आणि गणपतीला आमच्याकडून नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, जायच्या. आता हद्द बंद झालीय, जाता येत नाही. घर आहे की पडलं तेही ठाऊक नाही." त्यांनी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. "काल देवानेच तोंडात घातलं म्हटलं. मग दुसरी मागून घेतली. लोभ झाला, तेवढा माझा दोष."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला!"

"प्रसाद कुठून आला, हे विचारायची रीत नाही," बुवा हसून म्हणाले. "उरलंय का थोडं?"

उरलं नव्हतं. पण काल्याचा दिवस होता. कालिंदीबाई उलट पावली बेकरीत गेल्या आणि तास-दीड तास तांब्याच्या कढईपाशी बसून राहिल्या. सेराफिनबाय ढवळत होती, आणि कालिंदीबाई तिला उत्तररंगातली सुदाम्याची कथा सांगत होत्या.

संध्याकाळी बुवांनी काला असा रंगवला की मंडप डोलला. मागच्या खांबाशी सेराफिनबाय डोक्यावर रुमाल घेऊन उभी होती आणि टाळीचा ठेका बरोबर धरत होती. दहीकाल्यासोबत दोसाचं ताट फिरलं. बुवांनी या वेळी एकच वडी घेतली.

हेरंबराव कचेरीतून थेट देवळात आले होते. सतरंजीच्या कडेला बसून त्यांनी वडी उचलली आणि बायकोकडे बघून हळूच विचारलं, "म्हणजे नव्हतं ना काही?"

"नव्हतं."

"सुटलो!"

"तुम्ही नाही सुटलात," कालिंदीबाई समोरच्या रामावरची नजर न काढता म्हणाल्या. "परवा शनिवार आहे. बेकरीत मीही येणार. आणि तुम्ही दोस खायचं. नुसतं दोस."