आबांची आखणी

"ह्या बिचाऱ्याला दुसरी मोठी नांगी कुठून आणलीस गं?"

सुनीती मॅडम घोट्यापर्यंत चिखलात रुतून प्रतिक्षाच्या कागदावर वाकल्या होत्या. ओहोटी लागली होती. पावसानं उघडीप दिली म्हणून पेणच्या कॉलेजातली एस.वाय. झूलॉजीची पोरं खाडीवर आली होती. समोर चिखलात इवलेइवले खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी बसलेले. एक नांगी अंगापेक्षा मोठी, दुसरी काडीएवढी. मोठी नांगी अशी वरखाली हलवत होते, जणू येष्टीलाच हात दाखवतायत.

चित्र सगळ्यांनी काढलं होतं. प्रतिक्षाचं सगळ्यांत देखणं. फक्त तिच्या खेकड्याच्या दोन्ही नांग्या मोठ्या होत्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा.

"अगो, ही तर कालवणातली चिंबोरी," डोलवीचा मिथुन मागून डोकावला. "आता वाटण घाल."

सगळे हसले. प्रतिक्षाही हसली, पण कान तापले. तिला दिसत होतं की नांगी एकच मोठी आहे. हातानं ऐकलं नाही. जोहे गावात घरच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातच ती रांगायला शिकली होती. एक कान झाला की दुसरा त्याच्या बरोबरीचा, एक खांदा झाला की दुसरा तसाच. डोकं खाडीवर होतं, हात घरी.

"हात चांगलाय तुझा, म्हणूनच फसवतो," मॅडम म्हणाल्या. "हा मोठी नांगी नुसती मिरवतो. पोट भरतो लहान नांगीनं. तुझा खेकडा उपाशी मरेल बघ."

प्रतिक्षानं पेन्सिल कानामागं खोचली आणि नुसतीच बघत बसली. बराच वेळ. मग काढलं. ह्या वेळी मॅडमनी सही केली.

घरी आली तर कारखान्यात रोह्याचे रितेशदादा आलेले. त्यांच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं इथूनच जायचा, आणि तोही डोळ्यांसाठी. माती रघूकाका बघायचे, रंग आई. डोळ्यांची आखणी मात्र तिच्या वडलांची, आबांची. त्या ब्रशला दुसरं कुणी हात लावत नसे. जोह्यात मूर्ती पावलापावलाला मिळतात, पण काळुरामच्या, म्हणजे आबांच्या, गणपतीनं बघितलं की घरचं माणूस बघतंय असं वाटतं, असं लोक म्हणायचे.

रितेशदादा आज मूर्तीपुढं उभेच राहिले. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

"काळुकाका, यंदा रंग बदललाव काय?"

"रंग तोच हाय की."

"मग काय कळत नाय बा. बघतो, पुढल्या रविवारी येतो."

मूर्ती न ठरवता ते पहिल्यांदाच परत गेले.

"त्याला चहा गोड झाला नसंल," आई म्हणाली. आबा ब्रश पाण्यात फिरवत राहिले, पाणी काळं झालं तरी फिरवतच राहिले.

प्रतिक्षा त्या मूर्तीपुढं मांडी घालून बसली. हातपाय धुवायचेही राहिले. बघत राहिली. मग दिसलं. डावा डोळा खाली होता. फार नाही, तांदळाच्या कणीएवढा. ती फळीकडं गेली. ज्येष्ठ महिन्यातल्या मूर्ती ठीक होत्या. आताच्या सगळ्यांचा डावा डोळा तसाच घसरलेला. आणि तिला एकदम कळलं, आबा हल्ली मान तिरकी करून का आखतात ते.

आबा जेवायला बसले की गुपचूप नीट करावं, असं आधी मनात आलं. हात होताच तसा तिचा. पण मग उद्याच्या मूर्ती? परवाच्या? गिऱ्हाईक येईल, बघेल, परत जाईल, आणि आपलं काय चुकलं ते आबांना कधी कळणारच नाही. बाहेर मात्र बोललं जाईल, काळुरामची आखणी गेली म्हणून.

"आबा."

"बोल गो."

"डावा डोळा खाली जातोय."

आबांनी वर बघितलं नाही. "ह्याचा?"

"सगळ्यांचा. आषाढापासनं."

रघूकाका माती मळायचे थांबले, मग उगाच जास्त जोरात मळायला लागले.

"माझ्या डाव्या डोळ्याम्होरं धुकं हाय," आबा हळूच म्हणाले. "मला वाटला, हाताला सवय हाय, हात बराबर जाईल. सण झाल्यावर दाखवनार व्हतो."

"सण झाल्यावर नाय. सोमवारी माझ्यासंगं पेणला यायचा. मी कॉलेजला जाईन, आधी तुला डॉक्टरकडं नेईन."

"आन् तवर डोळं कोण आखील?" आबांनी ब्रश तिच्यापुढं धरला. "घे. तुझा हात चांगला हाय."

प्रतिक्षानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"माझा हात दोन डोळे सारखे काढेल, आबा. बघणारे नाय काढणार. तू काढ, मी सांगते."

आबांनी नवी मूर्ती पुढं ओढली. पाट तिच्याकडं जरा वळवला, तिला नीट दिसावं म्हणून. प्रतिक्षा त्यांच्या खांद्यामागं उभी राहिली.

उजवा डोळा झाला. डाव्यापाशी ब्रश हवेत थांबला.

"वर."

ब्रश वर सरकला.

"अजून. कणभर. हां, तिथंच."

आबांनी श्वास धरला आणि रेघ ओढली. एका दमात, तशीच, जशी ती लहानपणापासून बघत आली होती.

मग ब्रश खाली ठेवून त्यांनी मान फिरवली. मूर्तीकडं नाही बघितलं. डोळे कसे उतरलेत ते कळायला लेकीच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.