कोमट पाणी

मनमाडला मी सव्वीस वर्षं पाणी साठवलं. नळ कधी पंधरा दिवसांनी यायचा, कधी वीस. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पिंपं, हंडे, कळशा, इतकंच काय, दुधाची किटलीसुद्धा मी भरून ठेवायची. त्यामुळे शहाण्णव साली हे हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि नाशिकला घर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली. वस्ती कुठलीही असो, शेजारी कुणीही असोत, नळाला रोज पाणी हवं. आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

घरं बघायला जाताना पिशवीत तांब्या असायचा. लोक देवघराची दिशा बघतात, मी आधी मोरीत शिरून नळ सोडायची. हे शरमेनं लाल व्हायचे. "लोक काय म्हणतील?" हा यांचा रोजचा जप.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ चिमणाबाईचं घर मला पसंत पडलं. दोन खोल्या, पुढे ओटा, शेजारी सगळी भाजी आणि फुलं विकणारी माणसं. चिमणाबाई स्वतः झेंडूच्या माळा ओवत बसली होती. "पानी लय हाय, बाई," ती म्हणाली. "सकाळी दोन तास नळ चालू. तुमी घ्याच." पाणी थंडगार होतं. मी तिथेच दोन ओंजळी प्यायले. यांनी मात्र नाक मुरडलं.

यांच्या मनात शहराबाहेरची एक नवी कॉलनी होती. यांचे दोन जुने साहेब तिथे बंगले बांधून राहिले होते.

"तिथं नळाला पाणी आहे?"

"तूच बघ ना," हे म्हणाले.

मे महिन्यातल्या दुपारी गेलो. नळ सोडला तर पाणी असं जोरात आलं की तांब्या हातातून निसटला. पाणी कोमट होतं. गच्चीवर टाकी असते आणि तिच्यातलं पाणी नळाला येतं, हे क्वार्टरमध्ये जन्म काढलेल्या मला कुठून ठाऊक असणार? मे महिना आहे, तापणारच, असं म्हणून मी होकार दिला.

राहायला आलो आणि चौथ्या दिवशी नळ कोरडा पडला. शहराची पाण्याची लाइन तिथवर आलेलीच नव्हती. "मालकानं आपल्याला फसवलं गं," हे हळहळले. त्या मालकाला मी आठ वर्षं शिव्या घातल्या.

आठ वर्षं टँकर. टँकर कोपऱ्यावर थांबायचा, तिथून पाइप ओढत आणायचा, टाकी भरायची, वीज नसली की हंड्यांनी पाणी आत न्यायचं. हे सगळं मी केलं. दारावर पाटी होती, 'धोंडीराम गायखे, निवृत्त रेल्वे अधिकारी'. अधिकाऱ्यांनी पाइप कसा ओढायचा?

परवा टँकर उशिरा आला म्हणून मी ड्रायव्हरवर, मंगळूवर, तोंडसुख घेतलं. तो हसला. "काकू, तुमी तर माझं या कालनीतलं पयलं गिऱ्हाईक. घर रिकामं होतं तवा तुमचे साहेबच आले होते. म्हनले, दुपारी बायको घर बघाया येनार हाय, वरची टाकी काठोकाठ भर."

पाइप हातात तसाच राहिला. पाणी अंगणात वाहून गेलं आणि मी, एक थेंब न सांडणारी बाई, बघत उभी राहिले.

आत जाऊन विचारलं. यांनी पेपर खाली ठेवला नाही. "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तीस वर्षं मी त्या लोकांसमोर उभा राहिलो. एकदा त्यांच्या शेजारी राहायचं होतं मला."

"आठ वर्षांत त्यांनी एकदा तरी चहाला बोलावलं?"

यांनी पेपरचं पान उलटलं. मला यांची दया आली असती, पण माझी कंबर दुखत होती.

आज टँकरचा भोंगा वाजला. मी उठले नाही. शेवटी हेच गेले, इस्त्रीच्या पँटमध्ये. पाइप यांना आवरेना, पाणी अंगावर उडालं. समोरच्या गॅलरीत दोघं साहेब चहा पीत होते. त्यांच्याकडे बोअर आहे. दोघं बघत होते, हसत होते.

"अगं, जरा पाइप धर!" यांनी हाक मारली.

मी ओट्यावरून म्हटलं, "तुमच्या शेजाऱ्यांना सांगा."