तुळईचं शेवटचं वर्तुळ

ताईच्या घरातल्या तुळया रंधा मारून गुळगुळीत केलेल्या पाहिल्या आणि मी दारातच थबकलो. मी लाकडाचं वय काढायला येणार म्हणून तिनं सुतार बोलावून वरची किडकी, काळी पडलेली पुटं काढून घेतली होती. वर पॉलिशही. मला नेमकी ती काढलेली पुटंच हवी होती. झाड दरवर्षी सालीखाली एक वर्तुळ वाढवतं. सालीला लागून असलेलं वर्तुळ मिळालं, तरच झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगता येतं. ते नसलं की हाती उरतं ‘यानंतर कधीतरी’.

‘कधीतरी’नं भागणार नव्हतं. रस्ता रुंद होणार होता. मोठ्या पुराच्या आधीची ठरतील त्या घरांना वळसा, बाकीची जमीनदोस्त. ताईच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या ‘पुराआधीचं घर’ असंच म्हणत आले होते, पण म्हणण्याला पुरावा लागतो, आणि तो मी लिहून द्यायचा होता.

रंध्याआधी मला विचारायचं होतंस, असं मी चाचरत म्हणालो. ताई उसळली.

“मग तू आधी सांगायचंस. शाळेतही उत्तर येत असायचं, पण हात कधी वर झाला का तुझा?”

मी मान वर करून तुळया न्याहाळल्या. तुळयांची टोकं भिंतीत गेलेली असतात, तिथवर रंधा पोचलेला नसणार, एवढं सुचलं. भाच्यानं स्वयंपाकघराची भिंत उकरली. आत खरंच साल होती. मी पोकळ गिरमिटानं तुळईला भोक पाडून लाकडाची पेन्सिलीएवढी कांडी काढली. भाचा म्हणाला, मामा झाडाची जन्मपत्रिका मांडतोय. कुणी हसलं नाही.

कांडी घासून भिंगाखाली धरली. या भागातल्या जुन्या लाकडांचा रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम मी आयुष्यभर जुळवत आलोय. त्यात ती चपखल बसली. अडलं ते शेवटच्या रेषेशी. कधी कधी झाड मध्येच वाढायचं थांबतं, पुन्हा वाढतं, आणि एकाच वर्षात दोन वर्तुळांचा भास होतो. खोट्या वर्तुळाची कड विरत जाते, खऱ्याची धारदार असते. ही रेषा खोटी असली तर एक वर्ष कमी, म्हणजे झाड पुराआधी तोडलेलं. खरी असली तर त्यानं पूर पाहिलेला.

मला ती विरलेली दिसली. चष्मा पुसला, तर धारदार दिसली. खिडकीशी नेली, पुन्हा विरलेली. मी उठलो, बसलो, अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. जे आहे ते दिसतंय की जे हवंय ते? ताई दारातून डोकावून जात होती, काही न विचारता. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. सुटावं म्हणून ‘पुराआधीचं’ असं बोलूनही गेलो असतो कदाचित.

शेवटी मीच म्हणालो की आणखी एक टोक हवं, आणि ते तिच्या खोलीच्या भिंतीत आहे. ताईनं कपाट रिकामं केलं, साड्यांचे गठ्ठे पलंगावर ठेवले आणि मुलाला म्हणाली, फोड.

दुसऱ्या कांडीत संशयाला जागा नव्हती. तीच रेषा, पण ठळक, कड सुरीसारखी. पूर आला तेव्हा हे झाड अजून उभं होतं; घर पुरानंतरचं.

मी सांगितलं तेव्हा ताई पलंगावर साड्यांशेजारी बसली.

“किती उशीर झाला आपल्याला?”

“एक वर्ष. फार तर दोन.”

“तुझी चूक असू शकते?”

“असू शकते. माझी नेहमीच असू शकते. म्हणून तर दुसरी भिंत फोडायला लावली, ताई.”

तिनं शेजारचा कललेला गठ्ठा सरळ केला. मग म्हणाली, “लिही तसं. तू खोटं लिहिलंस तर तुलाच झोप लागायची नाही, आणि मग रात्रभर मला फोन करशील.”

संध्याकाळी गवंडी आला. भिंती बुजवायला भाच्यानंच बोलावलं होतं. तो घमेलं खाली ठेवणार, इतक्यात ताई पुढं झाली.

“राहू द्या आता. चहा घेऊन जा.”