तीन कोडी पाच

"बाई, तीन कोडी पाच म्हणजे पस्तीस का नाहीत?"

सातवीच्या वर्गात चंद्रकांता उभी होती. शेजारच्या जमनानं तिला डिवचलं होतं, "विचार की! नायतर तू भित्री हायस." सगळा वर्ग खो खो हसला. मी हसले नाही. मित्रांनो, तेव्हा मला काही वाटतच नसे.

मी सातपाटीच्या शाळेतली एक जुनी मणीचौकट आहे. एकसष्ट साली होड्या बांधणाऱ्या दादू सुतारानं उरलेल्या सागफळीतून मला घडवलं. छत्रीच्या काड्यांच्या चार तारा लावल्या. एकक, दशक, शतक, हजार. प्रत्येकीवर नऊच मणी. दहावा लागला की सगळे मागे आणि शेजारच्या तारेवर एक पुढे! पहिली दोन वर्षं पोरं माझ्यासाठी भांडायची. मग छापील तक्ता आला आणि मी कपाटामागे गेले. खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजल्या. आधी वाईट वाटलं. नंतर तेही वाटेना.

चंद्रकांताचं तसंच झालं होतं. याच आठवड्यात तिची आई मंजुळा म्हणाली, "सुक्या बोंबलाच्या तीन कोडी पाच जुड्या हायत, गाडीवानाला चिठ्ठी लिही." कोडी म्हणजे वीस; कोळीवाड्यात असंच मोजतात. पोरीनं तीनाशेजारी पाच मांडला. ३५! नवशा गाडीवान एकच गाडी घेऊन आला आणि पस्तीस जुड्या पालघर स्टेशनला घेऊन गेला. उरलेल्या तीस किनाऱ्यावर उधाणात भिजल्या, कुजल्या. तिचे बाबा पुंडलिक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सात यत्ता शिकून हे? येत्या सोमवारपासून आईसंगं बोंबील वाळवायला चल." ती रडलीसुद्धा नाही. जेवली, झोपली, शाळेत आली. आज शनिवार होता.

वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटामागून मला ओढून काढलं. "मांड बघू."

तिनं एककाचे पाच मणी सारले. दशकाचे तीन सारले; पुढचे गंजानं अडकलेले होते.

"हे किती?"

"तीन दहा नि पाच. पस्तीस." ती थांबली. "पण बाई, आमची कोडी तर विसाची. एका कोडीला दोन मणी लागतील!"

"मग सार की."

मणी हलेनात. जमना पळत घरी गेली आणि होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल वाटीत घेऊन आली. काय तो वास! चंद्रकांतानं तार घासली, घासली, आणि कर्र करत चौथा मणी सुटला. पाचवा. सहावा. किती वर्षांनी मला दुखलं! तिनं फळ्यावर लिहिलं, ६० + ५ = ६५. मग खाली बसली आणि आठवड्याचं सगळं रडून घेतलं.

मित्रांनो, कपाटामागे कुणाला टाकू नका. टाकलंच असेल, तर थोडं तेल घेऊन या.

संध्याकाळी बाईंना विचारून तिनं मला घरी नेलं. पुंडलिक जाळं विणत होते, मंजुळा चुलीपाशी होती. तिनं मला दोघांच्या मधे ठेवलं आणि सहा नि पाच मणी सारले.

"बाबा, आई, चूक माझी होती, आता कुठं झाली ते कळलंय. बोंबील मी सकाळी वाळवायला घालीन. पण सोमवारी दहाला मी शाळेत जानार. आठवीलाबी जानार."