आगाऊ आभार

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. दानाची नव्हे. दानाची पेटी लोखंडी आहे आणि तिला पेटीपेक्षा मोठं कुलूप आहे. ही आभारांची. हिला कुलूप नाही, कारण दुसऱ्याचे आभार चोरून न्यावेत अशी बुद्धी आजवर कोणाला झालेली नाही.

आठवडाभरात देवानं ज्याचं काही बरं केलं असेल त्यानं ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव घालायचं नाही, आणि फटीतून आत टाकायचं. रविवारी उपासनेत, उपदेशाच्या आधी, त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जातात. नियम दोनच. चिठ्ठीत काही मागायचं नाही. मागायला बाकीचे सहा दिवस पडलेत. आणि पेटीत पडलेली चिठ्ठी वाचल्यावाचून ठेवायची नाही. दोन्ही नियम जुन्या पाळकांनी घातले. ते गेले, नियम राहिले, आणि वाचायला मी राहिलो. वीस वर्षांपूर्वी एका बाईंचा घसा बसला म्हणून 'एवढ्या रविवारपुरता' मी उभा राहिलो होतो. बाईंचा घसा अजून सुटलेला नाही.

माझ्या चेहऱ्यावर मुळातच काही उमटत नाही. नोकरीत याचा तोटा झाला, इथे फायदा झाला. 'दाढ काढली. दुखणं गेलं, दाढही गेली. आभार.' 'साहेबांची बदली झाली. त्यांचं तिकडे भलं होवो. आभार.' 'मुलगा पास झाला. कसा, ते मी विचारलेलं नाही. आभार.' मी हे पंचांग वाचावं तसं वाचतो आणि लोक हसतात. मी हसत नाही, म्हणून जास्त हसतात.

पण खरं हसू यायचं ते मिस्त्रीबाईंच्या चिठ्ठीला.

मिस्त्री म्हणजे आमचा सुतार, माझा मित्र. आभारांची पेटी त्यानंच केलेली. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड घालून. मिस्त्रीबाई त्याची बायको. तिनं तीस वर्षं बालवाडीत अक्षरं गिरवून घेतली, त्यामुळे तिचं स्वतःचं अक्षरही पाटीवर काढल्यासारखं, मोठं आणि गोल. नाव नसलं तरी चिठ्ठी कोणाची ते मला उलगडायच्या आधी कळायचं. 'आमच्या मोरीच्या दाराला सात महिन्यांनी कडी बसली. सुताराच्या घरात हे घडलं, म्हणून विशेष आभार.' मंडळी खदखदा हसायची. मिस्त्री तिसऱ्या रांगेत कानापर्यंत लाल होऊन शेजारी बायकोकडे बघायचा, आणि बायको मान वर करून छताच्या पंख्याकडे बघत बसायची, जणू चिठ्ठी पंख्यानंच लिहिली होती.

कधी वेगळंही असायचं. 'परवा भिजून घरी आले, तर दारात कोणीतरी कोरडा टॉवेल घेऊन उभं होतं. आभार.' तेव्हा कोणी हसायचं नाही. मिस्त्री तेव्हाही तिच्याकडेच बघायचा आणि ती पंख्याकडेच.

एकदा मी त्याला म्हटलं होतं, "घरी बोलत नाही का रे ती?"

"बोलते की. दिवसभर बोलते. पण चांगलं बोलायचं असलं की पेटीत टाकते." मग म्हणाला, "मला आधी वाचू देत नाही. म्हणते, सगळ्यांबरोबर ऐका."

गेल्या महिन्यात मिस्त्रीबाईंना न्यूमोनिया झाला. दोन आठवडे इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. मिस्त्रीनं दुकानाला कुलूप लावलं आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. ते स्टूल डुगडुगत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते उलटं करून दुरुस्त केलं, तर नर्सनं शेजारच्या वॉर्डातली आणखी चार आणून दिली.

शुक्रवारी संध्याकाळी मी चर्चच्या आवारात बाकावर बसलो होतो, तर मिस्त्री धावतच आला. साठीच्या पुढचा माणूस धावतो तेव्हा एक तर फार वाईट झालेलं असतं, नाही तर फार चांगलं.

"ताप उतरला!" तो लांबूनच ओरडला. "सकाळपासून नाही. आज भाकरी मागितली तिनं."

"देवाची कृपा. आणि हातात काय?"

त्यानं मूठ उघडली. चार घड्या घातलेली चिठ्ठी. त्याच्याच मापाच्या वहीतलं पान. एका बाजूला कुठल्या तरी कपाटाची लांबी-रुंदी.

"काय लिहिलंय?"

"मला काय माहीत? रविवारी कळेल." त्यानं चिठ्ठी फटीतून सोडली, ती तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभा राहिला, आणि आला तसाच परत धावत गेला.

शनिवारी पहाटे मिस्त्रीबाई गेल्या. ताप नव्हता. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी दफन झालं. शवपेटी मिस्त्रीनंच केली. आमच्यातल्या अर्ध्या मयतांच्या पेट्या त्याच्याच हातच्या, पण या वेळी आम्ही म्हटलं, अरे, बाहेरून मागवू. तो म्हणाला, "माप मला पाठ आहे," आणि दुकानाचं कुलूप काढून आत गेला.

रविवारी सकाळी मी नेहमीसारखं पाळकांच्या खोलीत पेटीचं मागचं झाकण सरकवलं. सहा चिठ्ठ्या निघाल्या. सहावी मापाच्या वहीतली. मी उभ्या उभ्या वाचली आणि खाली बसलो.

दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, उद्या घरी सोडणार.

आमचे आताचे पाळक तरुण आहेत. त्यांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. म्हणाले, "आभार तसे सर्वच प्रसंगी मानायचे असतात, काका."

"म्हणजे वाचू?"

"तसं नव्हे. पण ते समोर बसलेले असणार."

"म्हणजे नको?"

"तुम्हीच ठरवा. तुमचा अनुभव मोठा," असं म्हणून ते झगा घालायला गेले. धर्मशास्त्राच्या कॉलेजात हे कुठल्या वर्षाला शिकवतात ते एकदा विचारलं पाहिजे.

मी ठरवलं. काल ज्यानं बायकोला मातीत ठेवलं त्याला आज भरल्या मंडळीत 'उद्या घरी सोडणार' ऐकवायचं, हे काही माणसाचं काम नव्हे. चार आठवडे जाऊ देत, मग सावकाश त्याच्या हातात देऊ. मी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली. आपण फार समजूतदार आहोत असं मला त्या क्षणी वाटलं. आयुष्यात जेव्हा जेव्हा मला असं वाटलं आहे, तेव्हा तेव्हा मी गाढवपणा केलेला आहे.

मिस्त्री तिसऱ्या रांगेत होता. सदरा इस्त्रीचा, पण भुवयांत अजून भुसा. शेजारची जागा कोणी घेतली नव्हती. मी पहिली चिठ्ठी वाचली. तो माझ्याकडे बघत होता. दुसरी वाचली. तिसरी कोणाच्या तरी नळाला पाणी आल्याची होती. चौथीला कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. पाचवी वाचताना तो बाकावर पुढे सरकून बसला, शाळेत आपला नंबर जवळ आला की पोरं सरकतात तसा. मी पाचवी घडी घालून ठेवली आणि म्हटलं, "या सर्वांसाठी आपण देवाचे आभार मानू."

तो तसाच पुढे सरकून बसून राहिला. उपदेश झाला, शेवटचं गीत झालं, तरी.

उपासना सुटल्यावर तो दाराशी आला.

"अरे, तिची राहिली."

"कोणती?" मी म्हटलं.

"शुक्रवारची. तुझ्यासमोर टाकली ना मी."

त्या वेळी खिशात हात घातला असता तरी चाललं असतं. पण आजूबाजूला माणसं होती, आणि एकदा समजूतदारपणा केला की तो निस्तरायला आणखी करावा लागतो. "पेटीत नव्हती रे," मी म्हटलं. त्याच चेहऱ्यानं. त्यावर काही उमटत नाही हे मी वर सांगितलंच आहे.

त्याला राग आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेटी खाली काढली, उलटी केली, कानाशी धरून हलवली, फटीत बोट घालून बघितलं.

"तळाचा सांधा उघडला असणार," तो म्हणाला. "लाकूड वाळलं की उघडतं. तेव्हा घाईत केली होती मी. ती म्हणाली होती, अजून एक हात घासा. मी ऐकलं नाही." त्यानं पेटी काखेत मारली. "आत अडकली असेल. काढतो."

"अरे, राहू दे आज."

"शेवटचं काय म्हणाली ते मला माहीत नाही रे," तो म्हणाला, आणि पेटी घेऊन गेला.

घरी येऊन मी जेवायला बसलो आणि जेवलो नाही. आमच्या हिनं ताट बघितलं, मग मला बघितलं.

"काय केलंत?"

मी खिशातून चिठ्ठी काढून ताटाशेजारी ठेवली. तिनं वाचली. पुन्हा नीट चार घड्या घातल्या.

"हे त्याचं पत्र आहे," ती म्हणाली. "तुम्ही पोस्टमन आहात. पोस्टमननं पत्र वाचून ठरवायचं नसतं, कोणाला सोसेल आणि कोणाला नाही."

"त्याला त्रास झाला असता."

"आणि आता काय, गुदगुल्या होतायत त्याला? उठा. हात धुवायची गरज नाही, काही खाल्लेलं नाही तुम्ही."

दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. मिस्त्री ठोकळ्यापाशी पाठमोरा उभा होता. समोर आभारांची पेटी, म्हणजे पेटीच्या सहा फळ्या, ओळीनं मांडलेल्या. सांधे एकेक करून सोडवलेले. भिंग डोळ्याला लावून तो एका फळीची खाच तपासत होता.

"सांधा चांगला आहे," तो मागे न बघता म्हणाला. "सगळे चांगले आहेत. कागदाचा कपटासुद्धा जाणार नाही. मग गेली कुठे?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

तो वळला.

"पेटीत होती. मी मंडळीत वाचली नाही. खोटं बोललो तुझ्याशी. तिच्यात घरी येण्याचं लिहिलंय, म्हणून मला वाटलं..." पुढे काय वाटलं ते सांगण्यासारखं उरलं नव्हतं. मी चिठ्ठी पुढे केली.

त्यानं ती घेतली नाही. सहा फळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मला पटाशी फेकून मारणार, आणि मी बाजूला होणार नव्हतो.

"तीन तास मी माझ्या कामाला शिव्या देतोय," तो म्हणाला.

"मला दे."

"तुला देईन. सवडीनं देईन." तो स्टुलावर बसला. हात मांड्यांवर ठेवले. "वाच."

"तूच वाच ना आता."

"मी कधी वाचलीय का? तू वाचतोस तशी वाच. उभा राहा नीट."

मी नीट उभा राहिलो. रंधा, करवती, कोपऱ्यात कालच्या फळ्यांची उरलेली टोकं, एवढीच मंडळी. मी वाचलं:

"'ताप उतरला, म्हणून आभार. उद्या घरी सोडणार, म्हणून आगाऊ आभार. हाताला सलाईन असल्यामुळे दोन आठवडे ह्यांनी रोज माझी वेणी घातली. भांग एक दिवस सरळ आला नाही. त्या हातांसाठी आभार. भांगासाठी नाही.'"

मिस्त्रीनं मान वर केली.

"वाकडा?" म्हणाला.

"असं लिहिलंय."

"मी फूटपट्टी धरून काढायचो रे. तिनं डोळे मिटले की." त्यानं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "इतक्या वर्षांत माझी रेघ वाकडी गेलेली नाही." आणि मग तो रडला. शनिवारी रडला नव्हता. शनिवारी त्याला काम होतं.

मी तिथेच उभा होतो. बसायला दुसरं स्टूल नव्हतं, आणि असतं तरी मी बसलो नसतो.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "काल पण भांग मीच काढला होता," तो म्हणाला. "पेटीत ठेवायच्या आधी. तू बघितलंस ना तिला? खरं सांग. सरळ होता?"

माझ्याजवळ एक चांगलं, मऊ, समजूतदार खोटं तयार होतं.

"नव्हता," मी म्हटलं. "मधून डावीकडे गेला होता."

"बराच?"

"बोटभर."

त्यानं मान हलवली, गिऱ्हाइकानं काढलेली खोट पटावी तशी. "मग ठीक," तो म्हणाला. "म्हणजे तिला कळेल कोणी काढला ते." त्यानं सरसाचं भांडं जवळ ओढलं आणि पहिली फळी उचलली. "रविवारपर्यंत वाळेल. चिठ्ठी तुझ्याकडेच ठेव. पेटीत पडलेली आहे, मंडळीत वाचायची. नियम आहे."

"सगळी वाचू? आगाऊ आभार पण?"

"तिनं मानलेत ना? मग माघारी कशाला घ्यायचे?"

पुढच्या रविवारी पेटी जागेवर होती. मी उभा राहिलो आणि ती चिठ्ठी सगळ्यांत शेवटी वाचली. 'उद्या घरी सोडणार'ला चर्चमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर कोणी सायकल लावली तेही ऐकू आलं. पाळक स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी पुढे वाचत राहिलो, पंचांग वाचावं तसं. भांगापाशी आवाज फुटतो की काय असं वाटलं. फुटला नाही. 'भांगासाठी नाही' म्हटलं, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी एकदम हसलं. मग दुसरं कोणीतरी. मग डोळे पुसता पुसता सगळेच.

मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. सवयीनं त्यानं शेजारी बघितलं. तिथे बाकाची फळी होती. थोडा वेळ तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच मान वर करून त्यानं पंख्याकडे बघायला सुरुवात केली.