वाढा

सकाळी उठल्यावर ती प्रथम स्वयंपाकघराची खिडकी उघडत असे, मग दूध गॅसवर ठेवत असे, आणि दूध तापेपर्यंत सासऱ्यांची कवळी वाटीतल्या पाण्यातून काढून ब्रशने हलकेच घासत असे. ती कवळी तिनेच केलेली होती. गावातल्या डेंटल लॅबमध्ये मेणात दात बसवण्याचे काम ती लग्नाआधीपासून करत आली होती. न पाहिलेल्या माणसांसाठी दात करायचे, त्यांनी ते लावून काय खाल्ले हे कधी कळायचे नाही, असा तो व्यवसाय. सासऱ्यांच्या बाबतीत मात्र काय खाल्ले हे तिला चांगलेच कळे, कारण तेही तिनेच केलेले असे.

दूध उतरले की एका बाजूला अंडी उकडायला लागत, दुसऱ्या बाजूला पाव भाजायला. सासरे कवळी लावून, दोनदा दात वाजवून, ती नीट बसल्याची खात्री करून घेत. नवरा वर्तमानपत्राची घडी मोडून टेबलाशी बसे आणि वर न पाहता म्हणे, "वाढ गं."

या एका शब्दावर घर चालत होते. ती वाढे. सासऱ्यांच्या पावाच्या कडा काढलेल्या, नवऱ्याचा पाव कडक. दोघांचे होईपर्यंत तिचा चहा निवून त्यावर साय धरलेली असे. तो ओट्याशी उभ्यानेच पिऊन, उरलेला पाव डब्यात टाकून ती लॅबला जाई. याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार करायला थोडा वेळ लागतो, आणि सकाळी तो नसे.

पूर्वी या टेबलाशी मुलगीही बसत असे. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिच्याबरोबर घरातले भांडणही गेले. मुलगी तोंडाची फटकळ होती. जाण्यापूर्वी एकदा लॅबमधल्या बायकांची सहल ठरली होती, तेव्हा नवरा सहज बोलून गेला होता, "जा की, पण मग शिजवणार कोण?" त्यावर मुलीने चमचा आपटून बापाला सुनावले होते, "हा काय प्रश्न झाला, बाबा? हातपाय धड आहेत ना सगळ्यांचे? आई म्हणजे काय चुलीला बांधलेली आहे?" बापाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. आईला लेकीचा अभिमान वाटला. सहलीला मात्र ती गेली नाही, कारण त्या आठवड्यात सासऱ्यांचे पोट बिघडले.

होस्टेलवर गेल्यापासून लेक फोन उचलत नसे. उचलला तर "आई, नंतर करते" म्हणून ठेवत असे. पण संध्याकाळी ती कुठे सापडते हे आईला ठाऊक होते: इंटरनेटवरच्या एका खेळात. तिथे डोंगर होते, किल्ले होते, राक्षस होते, आणि जगभरची माणसे आपापल्या घरी बसून तिथे एकत्र हिंडत. लेक घरी असताना रात्रंदिवस त्यातच असे. तिचा जुना लॅपटॉप कपाटावर पडून होता. आईने तो पुसला, कानाला हेडफोन लावला, आणि देवाचे नाव घेऊन आत शिरली.

यंत्राने नाव विचारले. तिने "आई" लिहिले. उत्तर आले, "हे नाव आधीच कुणीतरी घेतले आहे." तिला यात नवल वाटले नाही. तिने "धाकटी आई" लिहिले, ते चालले.

आईला तिथे पाहून लेक आधी दचकली, मग हसली आणि शेवटी तिने आईला आपल्या टोळीत घेतले. टोळीत लेकीसकट सहाजण. एकाचे नाव कुऱ्हाड, एकाचे उपाशी वाघ, एक मुलगी जखमा बांधणारी म्हणून वैद्यीण. आणखी दोघे जुळे भाऊ होते, त्यांना सगळे डावा-उजवा म्हणत.

"आता काय व्हायचंय ते निवड," लेक म्हणाली.

पडद्यावर तलवार होती, धनुष्य होते, ढाल होती, आणि एका कोपऱ्यात पळी होती. आईचे बोट तलवारीवर गेले.

"अगं, तलवारवाले आमच्याकडे ढिगाने पडलेत. शिजवणारं कुणी नाही. पळी घे. तुला येतंच की!"

आईने पळी घेतली.

स्वयंपाकी होणे वाटते तितके सोपे नव्हते. आधी लाकडे तोडायची, नदीवरून पाणी आणायचे, जंगलात वाकून कंद उपटायचे. मग छावणीतल्या भांड्याखाली जाळ करायचा आणि पडद्यावर एक काटा गोल फिरू लागला की तो नेमका हिरव्या पट्ट्यात असताना बटण दाबायचे. जन्मभर वासावरून आणि आवाजावरून स्वयंपाक ओळखणाऱ्या बाईला इथे वासच नव्हता. पहिल्या दिवशी तिने केलेली सगळी सुपे करपली. पडद्यावर अक्षरे उमटत, "करपलेले सूप: एक." आणि ते सूप फेकताही येत नसे, पिशवीत जाऊन बसे.

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारी बाई होती. जिभेने तिखट, मनाने बरी. तिने हे ऐकून हातातले काम खाली ठेवले.

"म्हणजे घरी रांधायचं, इथे दुसऱ्यांचे दात करायचे, आणि करमणूक म्हणून पुन्हा रांधायचं?"

"लेक भेटते गं तिथे."

"काय म्हणते?"

"म्हणते, आई, सूप झालं का?"

"मग इथे घरी असताना काय वेगळं म्हणत होती?" पॉलिशवालीने विचारले आणि मशीन सुरू केले, त्यामुळे उत्तर द्यावे लागले नाही.

मुले खेळ इंग्रजीत खेळत. आईने तो मराठीत लावून घेतला होता. ज्याने कुणी ते भाषांतर केले होते, त्याचा मराठीशी परिचय असावा, घरोबा नसावा. खेळ सोडून जायच्या बटणावर लिहिले होते, "रजा घ्या." झालेली प्रगती जपून ठेवायच्या बटणावर लिहिले होते, "वाचवा!" आई रोज संध्याकाळी कुकरची शिटी झाली की एकदा "वाचवा!" दाबून उठत असे आणि स्वयंपाकघरात जात असे. कुणी वाचवायला आले नाही, पण प्रगती जपली जाई.

आणि भांड्याच्या खाली एक पिवळे बटण होते. सूप नीट जमू लागल्यावर ते एके दिवशी लुकलुकू लागले. त्यावर लिहिले होते, "तयार आहे! वाढा."

ते वाचून तिला घरच्यासारखे वाटले. पण तिने ते दाबले नाही. छावणीत त्या वेळी कुणीच नव्हते. सगळे लढायला गेलेले. समोर माणूस नसताना वाढायचे कुणाला? अन्न उघड्यावर पडेल, निवेल, वाया जाईल. तिने सूप भरून पेटीत ठेवले. मुले आली की पेटी उघडून आपापले घेत आणि पळत. बटण लुकलुकत राहिले. पुढे तर ते कायमच लुकलुके, आणि ती मनात म्हणे, हो बाबा, कळलं, तयार आहे. येऊ देत सगळे.

असे कित्येक महिने गेले. सूप आता करपत नव्हते. लेक मात्र कुरकुरू लागली.

"आई, तू अजून पहिल्याच पातळीवर कशी? इतकं शिजवतेस, तरी तुझा आकडा हलत नाही."

"माझा हात सावकाश चालतो."

"दात बसवताना चालतो की भराभर."

आईला आकड्याचे काही नव्हते. तिला डोंगरावर जायचे होते. टोळी कधीपासून त्या बर्फाच्या डोंगराबद्दल बोलत होती. वर म्हणे एक तळे होते, त्यात आकाश उलटे दिसे. मोहीम रविवारी सकाळी निघणार होती. लेकीबरोबर तासभर एका वाटेने चालायचे, यापलीकडे तिचे मागणे नव्हते. लेक सुट्टीतही घरी येणार नव्हती. चालायला दुसरी वाट नव्हती. तिने विचारून पाहिले.

"नाही गं. पहिल्या पातळीच्या माणसाला पायथ्याशीच लांडगे फाडतात. तू छावणीत थांब. आम्ही येऊन सूप पिऊ, परत जाऊ. तुझ्याशिवाय आमचं चालतं का?"

हे वाक्य आईने पूर्वीही ऐकले होते. ज्यांचे आपल्याशिवाय चालत नाही, ते आपल्याला बरोबर नेत नाहीत, इतपत अनुभव तिच्या गाठीशी होता.

रविवारी सकाळी तिने दूध तापवले, कवळी घासली, अंडी उकडली, पाव भाजून झाकून ठेवला. नवरा अजून आंघोळीला होता, सासरे बागेत फिरायला गेले होते. ती लॅपटॉप उघडून बसली. टोळी निघण्यापूर्वी छावणीत जमली होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी पेटीकडे धावले नाही. कुऱ्हाड धार लावत होता, वैद्यीण पट्ट्या मोजत होती. सगळे तिच्या भांड्याभोवती उभे.

"आई, भूक लागली," उपाशी वाघ म्हणाला. टोळीतली सगळीच पोरे तिला आई म्हणत.

"बसा सगळे," ती म्हणाली. "आज मी वाढते."

पोरांनी गंमत म्हणून पडद्यावरच्या आपापल्या बाहुल्यांना जमिनीवर बसवले. चांगली पंगत झाली. आईने खुर्चीत नीट बसून घेतले. इतक्या दिवसांचे लुकलुकणारे ते बटण तिने अखेर दाबले. कुऱ्हाडीच्या नावाने एक. कुठूनतरी तुतारी वाजली आणि तिच्या अंगाभोवती उजेड पडला. वाढल्यावर इथे वाजवतात वाटतं, असे तिला वाटले, आणि रीत चांगली वाटली. वाघाच्या नावाने दुसरे. पुन्हा तुतारी. वैद्यिणीला वाढले, डाव्याला वाढले, उजव्याला वाढले. शेवटी लेकीला वाढताना तिने नेहमीच्या सवयीने थोडे जास्त वाढले, म्हणजे बटण दोनदा दाबले.

तुताऱ्या थांबल्या.

"आई," लेक हळूच म्हणाली, "काय केलंस?"

"वाढलं सगळ्यांना. पोचलं ना?"

"आम्हाला काही नाही मिळालं. तूच वाढलीस! आठव्या पातळीवर गेलीस. माझ्या वर! कुठलं बटण दाबलंस?"

"पिवळं. 'वाढा' लिहिलंय त्यावर."

"आणि ते कधीपासून लुकलुकतंय?"

"पहिलं सूप जमल्यापासून. पण समोर कुणी नसताना वाढायचं कुणाला, म्हणून मी..."

पुढचे कुणाला ऐकू आले नाही. डावा-उजवा दोघे एकदम हसू लागले. कुऱ्हाडीने तर मायक्रोफोनवर पाणी सांडले. लेकही हसली, खूप हसली, आणि मग तिचे हसणे मध्येच थांबले. ती काही म्हणेल असे आईला क्षणभर वाटले.

पण बोलला तो कुऱ्हाड. "आई, आठवी पातळी म्हणजे तुला आता महाभोजन शिजवता येईल! त्याने अंगात दुप्पट बळ येतं. दिवसभर शिजवावं लागतं, पण मग डोंगर आपलाच!"

"खरंच की," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा लगबगीचा झाला. "आई, तू असं कर, इथेच थांब आणि महाभोजन लाव. आम्ही पायथ्यापर्यंत जाऊन येतो."

"आता मला वर यायला चालेल ना पण?" आईने विचारले. "लांडगे काही करणार नाहीत ना?"

"लांडगे तुला बघून पळतील. पण तू आलीस तर मग शिजवणार कोण?"

हे म्हणताना लेकीच्या आवाजात कसलीही कुरकुर नव्हती, ओशाळेपणा नव्हता. अगदी सहज, खरोखर अडचण पडल्यासारखे तिने विचारले. बापाचाच स्वर होता. चमचा मात्र कुणी आपटला नाही.

आईला उत्तर पाठ होते. हातपायांचे, चुलीला बांधलेल्याचे, सगळे, लेकीच्याच शब्दांत. ते तिने बोलून दाखवले नाही. लेकरू आपलेच होते, आणि पाचजणांसमोर होते.

तिने भांड्यातल्या सुपाचा एक वाडगा घेतला आणि आपली बाहुली खाली बसवून तो स्वतः प्यायली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. उरलेले वाडगे तिने पेटीत ठेवले. बादलीभर पाणी ओतून जाळ विझवला. मग पिशवीतून पळी काढली, तीही पेटीत ठेवली, झाकण लावले आणि छावणीच्या फाटकाकडे चालू लागली.

"आई? कुठे चाललीस?"

घरात न्हाणीघराचे दार वाजले. खुर्ची सरकली, वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आवाज आला, आणि टेबलावरून रोजचा शब्द आला, "वाढ गं."

"ओट्यावर झाकून ठेवलंय," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "वाढून घ्या."

हेडफोनचा मायक्रोफोन चालूच होता, त्यामुळे ते दोन्हीकडे ऐकू गेले. स्वयंपाकघरात खुर्ची मागे सरकली. मग झाकण उचलल्याचा आवाज आला. पाठोपाठ हेडफोनमध्ये पेटीचे झाकण करकरले. आई तोवर पायथ्याची पहिली चढण चढत होती. मागून कुणाचीतरी पावले येत होती, ती कुणाची हे पाहायला ती थांबली नाही. पण वाट अरुंद होती, म्हणून थोडी कडेने चालू लागली.